जुन्या लेथवर फिनिश का येत नाही? जॉबवरच्या खुणांपासून मशीनच्या पायापर्यंत

बेअरिंग बसते त्या जागेवरून नख आडवं फिरवून बघा. नख खरखरत गेलं तर तिथे नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, शाफ्टचं आयुष्य अडकलेलं आहे. ४० मिमीचा शाफ्ट, मायक्रोमीटर ४०.०१ दाखवतो, बेअरिंग प्रेसमध्ये घट्ट बसते. आणि ऐन पेरणीत तोच शेतकरी रोटाव्हेटर ट्रॉलीत टाकून परत येतो, "भाऊ, बेरिंग आतल्या आत फिरून रायली." माप चुकलेलं नव्हतं. पण मायक्रोमीटरने मोजली होती ती कंगोऱ्यांची, म्हणजे टूलने जॉबवर (मशीनवर लावलेल्या तुकड्यावर) सोडलेल्या बारीक उंचवट्यांची टोकं. प्रेस करताना आणि नंतरच्या लोडने ती टोकं दबली आणि घट्टपणा गेला.

याचा हिशेब सोपा आहे. फीडच्या (एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं त्या अंतराच्या) वर्गाला टूलच्या नाकाच्या रेडियसच्या आठपटीने भागा, म्हणजे कंगोऱ्याची उंची निघते. फीड ०.२ मिमी आणि रेडियस ०.४ मिमी असेल तर उंची साडेबारा मायक्रॉन येते, म्हणजे व्यासावर पंचवीस. ४० मिमीच्या शाफ्टला के६ फिट (बेअरिंगच्या जागेसाठीचं ठरलेलं माप) म्हणजे २ ते १८ मायक्रॉनची वाढ. आपली सगळी वाढ कंगोऱ्यांतच असेल तर बेअरिंग धरणार कशाला? तेच फीड ०.१ केलं की उंची तीन मायक्रॉनवर येते. फीड अर्धं, कंगोरा चौथाई. ऑइल सीलच्या जागेला तर आणखी गुळगुळीत पृष्ठभाग लागतो, साधारण ०.२ ते ०.८ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप). शिवाय त्यावर आट्यासारखी चढती रेघ राहिली तर सील नवं असूनही तेल बाहेर येतं.

माझं वर्कशॉप हिंगणघाट तालुक्यात आहे. जिनिंगचे शाफ्ट, मोटारपंप, थ्रेशर, ट्रॅक्टरची कामं. मशीन बटाल्याचं, सहा फुटी, कोन पुली (पायऱ्यांची पुली), फ्लॅट बेल्ट, स्पिंडलला (जॉब धरणारा चक फिरवणाऱ्या दांड्याला) गनमेटलचे बुश, वरचा स्पीड पाचशेच्या आत. विदर्भात तालुक्या-तालुक्याला अशीच मशीनं आहेत आणि नीट ठेवली तर ती आजही उत्तम काम देतात. मी ज्या मिस्त्रींकडे शिकलो ते म्हणायचे, "पयले जॉबले पाय, मंग मशीनले हात लाव." फिनिश बिघडलं की आपण घाईने बेअरिंगला दोष देतो, नाहीतर सगळ्या पट्ट्या आवळतो. त्याआधी जॉबवर काय उमटलंय ते वाचायचं. खाली जो क्रम दिलाय तो फुकटच्या उपायांपासून खर्चिक उपायांकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

आधी एक चाचणी-तुकडा

भंगारातल्या अनोळखी शाफ्टवर फिनिश तपासू नका. तो मऊ, चिकट असू शकतो, मध्येच कडक डाग असू शकतो, वेल्डिंग भरलेला असू शकतो. ईएन८ चा (मध्यम कार्बन पोलादाचा) ४० मिमी बार घ्या, चकबाहेर १०० मिमी ठेवा. नवी धार लावलेलं टूल, फीड ०.१ च्या जवळचं, कट पाव मिमीचा. या तुकड्यावर फिनिश चांगलं आलं तर मशीन बरं आहे, दोष मालात किंवा जॉब धरण्याच्या पद्धतीत आहे. हा तुकडा रॅकवर वेगळा ठेवा, पुन्हा पुन्हा लागतो.

चाचणी घेताना गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा. उन्हाळ्यात आपण सगळेच बांधतो, पण फिरत्या चकजवळ त्याचं एक टोकही नको. हातमोजेही नकोत.

खुणा वाचायच्या कशा

तुकडा उजेडात तिरपा धरा. भिंगाचा काच असेल तर उत्तम.

नुसत्या एकसारख्या बारीक रेघा फीडएवढ्या अंतरावर असतील तर मशीनमध्ये दोष नाही. फीड कमी करा किंवा नाकाचा रेडियस वाढवा.

पृष्ठभाग फाटल्यासारखा, माशाच्या खवल्यासारखा, मळकट दिसत असेल तर टूलच्या धारेवर माल चिकटतोय. टूल थांबवून टोक बघा, चकचकीत पांढरट गाठ बसलेली दिसेल. ही गाठ वाढते, तुटते, पुन्हा बसते, आणि तुटताना जॉबचा पापुद्रा ओढून नेते.

किंचाळणारा आवाज आणि लाटांसारख्या खुणा म्हणजे चॅटर. यात काहीतरी सैल आहे, लांब आहे किंवा बारीक आहे.

आवाज नाही, तरी ठरावीक अंतराने पट्टे पडतायत, तर गिअर, स्क्रू, रॅक किंवा बेल्ट यांपैकी कोणीतरी बोलतंय.

शेवटच्या दोन प्रकारांत गल्लत होते. ती सोडवायला एक मोजणी आहे आणि माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वात उपयोगी चाचणी आहे. जॉबच्या घेरावर एका फेऱ्यात किती खुणा आहेत ते मोजा. मार्करने एक रेघ मारा, तिथून सुरू करून तिथेच परत या. समजा ३०० आरपीएमवर ३१ खुणा आल्या. सेकंदाला पाच फेरे, म्हणजे सेकंदाला १५५ वेळा थरथर. आता स्पीड निम्मा करून तसाच कट घ्या. खुणा साधारण दुप्पट, म्हणजे ६०-६२ झाल्या तर थरथरण्याचा वेग तोच राहिला. तो टूलचा, जॉबचा किंवा एखाद्या सैल स्लाइडचा (टूल सरकवणाऱ्या भागाचा) स्वतःचा ताल आहे. पण स्पीड बदलूनही खुणा तेवढ्याच राहिल्या तर त्या स्पिंडलसोबत फिरणाऱ्या दातांच्या आहेत. बुल गिअरचे (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरचे) दात मोजा. आकडा जुळला की चोर सापडला. दातांच्या खुणा पूर्ण आकड्यात बसत असल्याने त्या जॉबच्या लांबीला सरळ रेषेत उभ्या राहतात. चॅटरचा आकडा क्वचितच पूर्ण असतो, म्हणून त्याचे पट्टे तिरपे सरकत जातात.

बुल गिअरचा संशय आला तर बॅक गिअर (स्पीड कमी करणारे गिअर) काढून थेट बेल्टवर तोच कट घ्या. खुणा गेल्या, तर गिअरमधला दाब ढिला करा, दातांत अडकलेला बुरादा काढा, ग्रीस बदला. आणि शेवटचा कट बॅक गिअरवर घ्यायचाच नाही अशी सवय लावा.

लांबीच्या दिशेने पट्टे पडत असतील तर एका पट्ट्याचं अंतर मोजून भागत नाही. ४ टीपीआयच्या (इंचाला चार आटे) लीड स्क्रूची (टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूची) पिच ६.३५ मिमी आणि मोड्यूल २ (दाताच्या आकाराचं माप) च्या रॅकच्या (दातेरी पट्टीच्या) दातांमधलं अंतर ६.२८ मिमी. स्केलवर दोन्ही सारखीच दिसतात. दहा पट्ट्यांचं अंतर एकदम मोजा. ६३.५ आलं तर लीड स्क्रू वाकलाय किंवा त्याचं टोकाचं बेअरिंग झिजलंय. ६२.८ आलं तर रॅक-पिनियन बघा. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच. लहान मशीनवर हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभंग नट) लावून लीड स्क्रूनेच फीड देतात, तिथे हा दोष जास्त दिसतो.

टूल: निम्मं उत्तर इथेच

कार्बाइडची सोन्यासारखी टिप लावली की फिनिश आपोआप येईल अशी समजूत घट्ट बसलीय. आपल्या जुन्या मशीनवर बहुतेक वेळा उलटं होतं. एमएसवर (साध्या मऊ पोलादावर) कार्बाइडला मिनिटाला किमान १०० मीटर तरी वेग हवा. ३० मिमी जॉबला तो १०६० आरपीएम होतो. आपलं मशीन तिथे जातच नाही. कमी वेगात कार्बाइडवर गाठ बसते आणि जॉब फाटतो. एचएसएसला (हायस्पीड स्टीलच्या टूलला) तोच जॉब ३० मीटरवर, म्हणजे ३२० आरपीएमच्या आसपास पुरतो. कोन पुलीच्या मशीनवर फिनिशिंगसाठी एचएसएसच घ्या. मी रफ कट कार्बाइडने घेतो आणि शेवटचे दोन कट एचएसएसने.

धार लावायची ती अशी. एमएस आणि ईएन८ साठी बाजूचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) १२ ते १४ अंश, खालचा क्लिअरन्स (धारेखालची मोकळीक) ८ ते १०. बिडाला रेक जवळजवळ नको, पितळेला शून्य. पितळेवर रेक दिला तर टूल आत ओढलं जातं आणि क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या स्लाइडचा) बॅकलॅश (स्क्रूमधली ढील) तिथे लगेच उघडा पडतो. ग्राइंडरवरून काढलेली धार भिंगाखाली करवतीसारखी दिसते आणि ती करवत जशीच्या तशी जॉबवर उतरते. म्हणून ऑइल स्टोनवर थेंबभर तेल टाकून आधी क्लिअरन्सची बाजू, मग वरची बाजू आणि शेवटी नाक गोल फिरवत घासा. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. धार अंगठ्याच्या नखावर हलकी टेकवून बघा. घसरली तर बोथट, नखात रुतली तर तयार.

नाकाचा रेडियस ०.४ ते ०.८ ठेवा. मोठा रेडियस फिनिश सुधारतो, पण बारीक जॉबला बाहेर ढकलतो आणि चॅटर आणतो.

टूलची उंची नेमकी सेंटरला हवी. टेलस्टॉकच्या (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) सेंटरशी जुळवता येते, पण जॉबवर जुळवायची पद्धत जास्त भरवशाची. मशीन बंद असताना सहा इंची पातळ स्केल टूलचं टोक आणि जॉब यांमध्ये हलक्या हाताने दाबा. स्केल उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, मागे झुकलं तर टूल वर आहे. टूल वर गेलं की कापण्याऐवजी घासतं आणि जॉबवर मळका चकाकता पट्टा येतो. पॅकिंगला हॅकसॉच्या ब्लेडचे चार वाकडे तुकडे घालू नका. एकच सपाट पट्टी घाला. तुकड्यांचा थर कटखाली स्प्रिंगसारखा दबतो.

टूल पोस्टबाहेर टूल जेवढं कमी, तेवढं चांगलं. टूलच्या जाडीच्या दीडपटीपलीकडे नको.

कटिंग ऑइलची कंजुसी नको. सोल्युबल ऑइल एका भागाला वीस भाग पाणी, दुधासारखं पांढरं. पंप बंद असेल तर शेवटच्या कटला ब्रशने नीट कटिंग ऑइल लावत राहा, खवले पडायचे लगेच कमी होतात. बीड कोरडंच कापा. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल चालतं, मात्र शेजारी वेल्डिंग सुरू नको.

शेवटचा कट फार बारीक घेऊ नका. दोन-तीन शतांश मिमीच्या कटात बोथट धार कापत नाही, दाबत जाते. एक-दीड दशांश मिमी माल शिल्लक ठेवा आणि तो एकाच कटात काढा.

जॉब धरण्यात काय चुकतं

नुसत्या चकमध्ये धरलेला जॉब व्यासाच्या तिपटीपेक्षा जास्त बाहेर नको. सेंटरचा आधार दिला तर दहा-बारापट चालतो, पुढे स्टेडी (मधला आधार) लागतो. जिनिंगचे लांब शाफ्ट स्टेडीशिवाय करायला जाऊ नका.

तीन जबड्यांच्या चकचे जबडे तोंडाशी झिजून आतून बाहेर रुंद होत जातात. मग जॉब फक्त मागच्या कडेवर धरला जातो आणि पुढे डुलतो. तपासणीसाठी गुळगुळीत बार चकमध्ये आवळताना प्रत्येक जबड्याच्या तोंडाशी वहीच्या कागदाची पट्टी घाला. आवळल्यावरही पट्टी ओढून निघाली तर जबडे गेलेत. टूल पोस्टवर छोटा ग्राइंडर बांधून जबडे जागच्या जागी घासता येतात. त्याआधी जबडे लोड घेतील अशा अवस्थेत आवळलेले हवेत आणि बेड ओल्या कापडाने झाकलेला हवा.

टेलस्टॉकची दांडी कमीत कमी बाहेर काढा आणि लॉक करा. सेंटरचं भोक ६० अंशाचंच हवं. साध्या ड्रिलने पाडलेल्या भोकात सेंटर फक्त कडेवर टेकतो.

उन्हाळ्यात एक गोष्ट मुद्दाम जपावी लागते. लोखंड एका मीटरला एका अंशामागे जवळपास १२ मायक्रॉन वाढतं. कट घेताना मीटरभर शाफ्ट तीस अंशांनी तापला तर तो ०.३६ मिमी लांब होतो. सेंटर घट्ट बसलेला असेल तर शाफ्टला जायला जागा नाही, तो मध्ये कमान घेतो आणि मधल्या भागात चॅटर येतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना टिनाखाली हे सर्रास होतं. प्रत्येक कटनंतर सेंटर सैल करून पुन्हा हलका लावा.

स्लाइड आणि पट्ट्या

डायल गेज बेडवर लावा, टोक टूल पोस्टवर टेकवा आणि टूल पोस्ट हाताने जोरात पुढे-मागे ओढा. काटा ०.०२ च्या आत हलून परत आला तर ठीक. जास्त हलला तर गिब पट्टी (स्लाइडमधली ढील भरणारी पट्टी) आवळा, पण आधी ती बाहेर काढून धुवा. आमच्या भागात जिनिंगचा कापूस हवेत असतो. तो तेलात भिजून पट्टीच्या मागे नमद्यासारखा बसतो. वरून घट्ट वाटतं, आत मात्र पट्टी गादीवर टेकलेली असते. माझ्या क्रॉस स्लाइडमधून एकदा बोटभर लांब काळी वात निघाली होती. ती काढली आणि वर्षभराचा चॅटर गेला. सॅडलच्या (बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) टोकांचे फेल्टही तेव्हाच बदला.

पट्टी आवळताना स्क्रू एका टोकापासून एकेक करून पाव-पाव फेरा द्या, हँडल फिरवून बघत जा आणि चेकनट लावताना स्क्रू फिरू देऊ नका. कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) लागत नसेल तेव्हा आत घेऊन तिची पट्टी पूर्ण आवळूनच ठेवा. सॅडलच्या मागच्या बाजूला खालून धरणारी पट्टी असते. तिच्याकडे कोणी बघत नाही. ती सैल असेल तर टूलच्या दाबाने सॅडलचं मागचं अंग उचललं जातं.

जुना बेड चकजवळ जास्त झिजलेला असतो. तिथे पट्टी बरोबर बसवली तर टेलस्टॉककडे सॅडल अडकतं. अडकणार नाही एवढीच आवळा.

स्पिंडल

इथवर सगळं करूनही चॅटर असेल तरच हेडस्टॉक (स्पिंडलचा डबा) उघडण्याचा विचार करा. मशीन अर्धा तास चालवून गरम करा, मेन स्विच बंद करा. डायलचं टोक चकमागे स्पिंडलवर वरून टेकवा. चकमध्ये मीटरभर लाकडी दांडा धरून अंगच्या जोराने वर उचला. बुशच्या मशीनला तेलासाठी थोडी जागा लागतेच, दोन-तीन शतांश मिमी उचल चालते. ०.०५ च्या पुढे गेली तर बुश आवळायची वेळ झाली. कॅपखालचे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) दोन्ही बाजूंनी सारखेच आणि एका वेळी एकच पातळ काढा. मग अर्धा तास चालवून कॅपवर हात ठेवा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर जास्त आवळलं, शिम परत घाला. टेपर रोलर असेल तर मागचा नट थोडा थोडा आवळत हीच परीक्षा घ्या.

बेल्ट आणि वीज

फ्लॅट बेल्टचा जोड पुलीवरून जाताना टक्-टक् आवाज देत असेल तर तो ठोका जॉबवर उतरतो. जोड सपाट करून घ्या. बेल्ट काढून नुसती मोटार चालवा आणि हेडस्टॉकवर हात ठेवा. थरथर जाणवली तर मोटारचे बेअरिंग किंवा फाउंडेशन.

रब्बीत हरभऱ्या-गव्हाला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटारचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. ४१५ चे ३४० झाले तर जोर दोनतृतीयांश राहतो, कटमध्ये स्पीड दबतो आणि पट्टे पडतात. एक फेज गेला तर मोटार गुरगुरते आणि जळते. पॅनेलवर व्होल्टमीटर आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर लावून घ्या. ऑइल सीलची जागा मी पहाटे करतो.

आमच्या मातीचा दोष

हा भाग मला समजायला सर्वात जास्त काळ लागला. माझ्या मशीनला दरवर्षी मे-जूनमध्ये चॅटर यायचा आणि श्रावणात तो आपोआप जायचा, पण तेव्हा जॉब टेपर व्हायचा. टूल बदललं, बुश आवळले, काही फरक नाही. एका मे महिन्यात शेडमागच्या जमिनीला पडलेली भेग थेट भिंतीखाली गेलेली दिसली आणि मग लक्षात आलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट ओतलेला चार इंची कोबा तिच्यासोबत वर-खाली होतो. मशीनचा एक पाय अधांतरी राहतो, लेथ तीन पायांवर उभी असते. बोल्ट आवळले की बेड पिळला जातो.

तपासायला एकेका पायाचा बोल्ट सैल करा, डायल पायावर टेकवलेली हवी. बोल्ट सैल करताच काटा ०.०५ पेक्षा जास्त हलला तर तो पाय टेकलेला नाही. त्याखाली फिलर गेजने फट मोजून तेवढाच पत्र्याचा शिम घाला. मग ०.०२ मिमी प्रति मीटरच्या लेव्हलने बेड आडवा आणि उभा बघा. गवंड्याची लेव्हल इथे उपयोगाची नाही.

पीळ राहिलाय का ते दोन कॉलरच्या कटने कळतं. ५० मिमीचा बार चकबाहेर १५० मिमी, टेलस्टॉक लावायचा नाही. मधला भाग खोल काढून दोन्ही टोकांना वीस मिमीच्या कॉलर ठेवा. एकाच सेटिंगवर दोन्हींवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा पाय, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूचा, थोडा उचला. लहान आली तर मागचा उचला. दोन्हींतला फरक ०.०२ च्या आत आला की थांबा. जुन्या झिजलेल्या बेडवर त्याहून जास्त मागू नका.

पायाच नव्याने करायचा असेल तर काळी माती पूर्ण खणून काढा. खाली मुरूम लागत असेल तर उत्तम, नाहीतर बाहेरून मुरूम आणून थराथराने पाणी मारून धुमसा. त्यावर सळईचं काँक्रीट घाला आणि ते भिंतीपासून, बाकीच्या कोब्यापासून सुटं ठेवा. शेडचं पावसाचं पाणी त्या बाजूला मुरू देऊ नका. मी तीन फूट खणलं. त्यानंतर शिम बदलायची गरज फार थोडी पडली, पण पडते.

म्हणून दोन कॉलरचा कट मी वर्षातून दोनदा घेतो. एकदा मे अखेर, पाऊस पडायच्या आधी, आणि एकदा दसऱ्याला. तेव्हा पूजेसाठी मशीन धुऊन-पुसून स्वच्छ झालेलंच असतं, तेल नवं घातलेलं असतं. दोन्ही कॉलरचे आकडे आणि कुठल्या पायाखाली किती शिम आहे ते हेडस्टॉकच्या आतल्या झाकणावर पेंटने लिहून ठेवतो.